डाळ, तेल आणि बारा अंकी नंबर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ‘फूड बँक’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: लग्नाचा हॉल, उरलेला पुलाव, रात्री निघालेला टेम्पो आणि उड्डाणपुलाखाली झोपलेली माणसे. इकडचे अन्न वाया जात नाही आणि तिकडचे पोट भरते, त्यामुळे हे चित्र सगळ्यांना आवडते. या दोन शहरांतल्या भुकेशी मात्र त्याचा संबंध फार थोडा आहे. फूड बँक चालवायची असेल तर ती किराणा मालाच्या कोठारासारखी चालवावी आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीमागे रेशनचा एक अर्ज असावा, असे आमचे मत आहे. शिजवलेले अन्न हे तिचे जोडकाम राहू दे.

आधी त्या टेम्पोचाच हिशेब करू. घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये आठला बुफे लागायचा असेल तर केटररचा भात सहा-साडेसहाला उतरलेला असतो. यजमान शेवटच्या पाहुण्याला निरोप देऊन ‘बरंच उरलंय, घेऊन जा’ असा फोन करतात तेव्हा साडेअकरा झालेले असतात. टेम्पो पोचायचा, भांडी बदलायची, माजिवड्याचा जंक्शन पार करून कळव्याच्या नाहीतर दिव्याच्या वस्तीत जायचे, यात एक वाजतो. म्हणजे सात तासांपूर्वी शिजलेला आणि त्यातले निदान तीन तास कोमट राहिलेला भात झोपेतून उठवलेल्या पोराच्या ताटात पडतो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळले की त्यात जंतू वाढतात. अशा अवस्थेत दोन तास चालून जातात, चार तासांनंतर अन्न टाकायचे, हा व्यावसायिक स्वयंपाकघरांचा साधा दंडक आहे. भाताची तर आणखी एक गोम आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तांदळाला मुळातच चिकटलेले असतात आणि शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते वाढीला लागतात, आणि त्यांचे वांती आणणारे विष पुन्हा उकळले तरी नाहीसे होत नाही. ‘आम्ही चांगला वाफवून वाढला होता’ हे उत्तर भातापुरते तरी निकामी आहे.

याचा अर्थ शिजवलेले अन्न घेऊच नये असा नाही. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ साली उरलेले अन्न गोळा करून वाटण्याबद्दल स्वतंत्र नियमच केले, आणि त्यांचा गाभा सोपा आहे: वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी हवी, गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राहायला हवे, कोणी कधी काय दिले याची नोंद हवी. कामाच्या दृष्टीने याचे रूप असे. बुफेच्या टेबलावर पाहुण्यांचे चमचे फिरलेले अन्न घ्यायचे नाही, केटररच्या मागच्या बाजूला झाकून ठेवलेला ‘बॅकअप’ तेवढा घ्यायचा. सळईचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून, पुसून, टोपाच्या मधोमध खुपसायचा. कडेला खुपसू नये, कडेचा आकडा मधल्या अन्नाबद्दल काहीच सांगत नाही. साठच्या खाली आकडा आला तर नम्रपणे नाही म्हणायचे. थंड करूनच न्यायचे असेल तर भात मोठ्या टोपात ठेवायचा नाही, कारण तो मधोमध चार-चार तास कोमट राहतो. दोन इंच थराच्या उथळ ट्रेमध्ये पसरला तर लवकर निवतो. पनीरची ग्रेव्ही, खोबऱ्याची चटणी, दहीवडे, कापलेली फळे, बंगाली मिठाई हे घेऊ नये. पुऱ्या, कोरडी भाजी, बुंदी, जिलेबी चालते. आणि फोन रात्री नऊच्या आत आला तरच गाडी निघेल, हे हॉलच्या व्यवस्थापकाला हंगामाच्या आधीच लेखी सांगून ठेवायचे. पहिल्या महिन्यात दहापैकी सात फोन नाकारावे लागले तरी हरकत नाही. दुसऱ्या महिन्यात केटरर स्वतःच आठ वाजता फोन करायला लागतात.

लग्नाच्या हॉलपेक्षा महापे-रबाळ्याच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची उपाहारगृहे केव्हाही बरी. तिथे दुपारचे जेवण अडीचला संपते, उरलेले किती हे रोज साधारण ठरलेले असते, उजेड असतो आणि तुर्भे किंवा दिघ्याची वस्ती गाडीने जवळ आहे. गैरसोय एवढीच की शनिवार-रविवारी काही मिळत नाही, आणि माणसाला शनिवार-रविवारीही भूक लागते.

इथली भूक कोणत्या प्रकारची आहे, हा मुद्दा या चर्चांमध्ये सहसा येतच नाही. ठाणे-नवी मुंबईत भुकेने रस्त्यावर पडलेली माणसे क्वचित दिसतात. इथली भूक घराच्या आत असते, ठरावीक दिवसांत येते आणि ताटातल्या जिनसांवरून ओळखू येते. लेबर नाक्यावर सकाळी आठला उभा राहिलेला बिगारी दहापर्यंत उचलला गेला नाही की त्या दिवसाची मजुरी गेली. पावसाळ्यात बांधकामाची कामे थंडावतात आणि खदाणींत पाणी भरते, तेव्हा असे दिवस लागोपाठ येतात. पण खोलीचे भाडे पावसासाठी थांबत नाही. आधी भाडे, मग गॅस, मग औषध, आणि उरेल त्यात जेवण, असा क्रम लागतो. चूल बंद पडत नाही, मात्र आधी डाळ पातळ होते, मग भाजी जाते, मग तेलाची दहा रुपयांची पुडी दोन दिवस पुरवली जाते, आणि शेवटी भात-मीठ-मिरचीवर येऊन थांबते. यात सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी जेवते ती घरातली बाई. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ५४.२ टक्के) आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. एका रात्रीच्या पुलावाने यातले काही हलत नाही.

या घरांना आज सावरतो तो वाणी. त्याची उधारीची वही हीच वस्त्यांमधली खरी फूड बँक आहे, आणि तीन आठवडे पैसे आले नाहीत की तीही बंद होते.

आता रेशनकडे पाहू. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. ही फार मोठी गोष्ट आहे. कुठलीही फूड बँक आयुष्यभर धावली तरी याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६६ ग्रॅम, साधारण पावणेसहाशे कॅलरी. जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात ३४७० कॅलरी धरली आहे. आणि हे सगळे तांदूळ-गहूच. नियमित रेशनमध्ये डाळ नाही, तेल नाही. सणासुदीला ‘आनंदाचा शिधा’ आला तेव्हा रवा, साखर, चणाडाळ, तेल शंभर रुपयांत मिळाले, पण तो दिवाळी-गुढीपाडव्याचा मामला. जुलैची भूक त्यात धरलेली नव्हती.

दुसरी अडचण आकड्यांची. महाराष्ट्राच्या शहरी भागात या कायद्याखाली ४५.३४ टक्के लोकसंख्येलाच धान्य मिळू शकते आणि ती लोकसंख्या मोजली आहे २०११ च्या जनगणनेवरून. २०११ नंतर दिवा, मुंब्रा, घणसोली, तळोजा कुठल्या कुठे वाढले, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे शिधावाटप कार्यालयात ‘इष्टांक पूर्ण झाला आहे’, म्हणजे ठरलेली लाभार्थीसंख्या भरली आहे, हे वाक्य ऐकायला मिळते. तिसरी अडचण उत्पन्नाची मर्यादा: शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. महिन्यातले आठ-दहा दिवस नाक्यावर काम मिळालेला माणूसदेखील प्रामाणिकपणे ही मर्यादा ओलांडतो. त्याचे कार्ड केशरी होते, आणि बिगर-प्राधान्य केशरी कार्डावर शहरात धान्य नाही. ते जणू पत्त्याचा पुरावा म्हणूनच कपाटात राहते.

यापुढच्या अडचणी बारीक आहेत, पण फूड बँकेला हात घालता येईल अशा त्याच आहेत. दगड फोडणाऱ्याच्या, सिमेंट कालवणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा जुळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले नसते, म्हणून इथे चढत नाही. बाळ चार वर्षांचे झाले तरी कार्डावर नसते, म्हणजे पाच माणसांच्या घरात चौघांचेच धान्य येते. बिहार-उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या माणसाचे कार्ड गावी चालू असते. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे त्याला तुर्भ्याच्या दुकानात धान्य मिळायला हवे, पण घरच्या कार्डावर आईवडील गावीच उचलतात, आणि आपल्या वाट्याचे तेवढे इथे वेगळे घेता येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुकानदार सांगत नाही, कारण परगावच्या कार्डाला धान्य दिले की त्याचा कोटा आधी संपतो आणि ओरड त्याच्या नेहमीच्या ग्राहकांची होते.

फूड बँकेची पिशवी या फटी ओळखून भरायला हवी. रेशन चालू असलेल्या घराला तांदूळ देण्यात अर्थ नाही. त्याला जे मिळत नाही ते द्यावे. चौघांच्या कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी मसूर डाळ २ किलो, हरभरे १ किलो, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, तेल १ लिटर, वर मीठ-हळद-तिखट. साडेसहा किलोंची ही पिशवी माणशी रोज पंधरा ग्रॅम प्रथिनांची भर घालते. तूर नको, मसूर का? ज्या खोलीत कुकर नाही तिथे तूर शिजायला तासभर गॅस जातो, मसूर विसेक मिनिटांत होते. गॅस किलोवर सुटा भरून आणणाऱ्या घरात हा फरक डाळीच्या किमतीएवढाच महत्त्वाचा असतो. हरभरे रात्री भिजवले तर निम्म्या इंधनात होतात. भिजवून मोड आणले तर न शिजवताही खाता येतात. ज्याला रेशन नाही त्याच्या पिशवीत याशिवाय ७ किलो तांदूळ आणि ३ किलो पीठ, म्हणजे बरोबर रेशनएवढेच धान्य. गहू देऊ नये. गिरणीचे दळणही त्या आठवड्यात जड जाते. पिठाचे आणि तांदळाचे प्रमाण वस्ती बघून बदलावे. येऊरच्या पाड्यांवर तांदूळच हवा असतो, खदाणीतल्या मराठवाड्याच्या घरात ज्वारीच्या पिठाचे स्वागत होते, आणि बिहारी पोरांच्या एका खोलीत सहाजण राहत असतील तर सत्तू सर्वांत आधी संपतो. चूलच नसलेल्यांसाठी, म्हणजे रुग्णालयाबाहेरच्या नातेवाइकांसाठी किंवा पदपथावर राहणाऱ्यांसाठी, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे असा कोरडा शिधा वेगळा बांधावा. केळी वाटायला पुढारी आहेतच, त्यांचे वाढदिवस वर्षभर पुरतात.

अडीचशे कुटुंबे धरली, त्यातली शंभर बिनरेशनची, आणि महिन्यातून दोन पिशव्या, तर महिन्याला सव्वापाच टन माल हलतो. एका पॅलेटवर, म्हणजे गोण्या रचायच्या चौकटीवर, पन्नास किलोंच्या वीस गोण्या म्हणजे एक टन. सहा पॅलेट, चालायला वाट, बांधणीचे एक लांब टेबल, असे मिळून चारशे-पाचशे चौरस फूट जागा लागते. जागा तळमजल्यावर हवी, पण जोते रस्त्यापेक्षा उंच. खाडीच्या काठावरच्या या शहरांत भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की सखल भागात पाणी कुठून येईल सांगता येत नाही. गोण्या भिंतीपासून दोन फूट लांब ठेवाव्यात, भिंतीला टेकलेल्या गोणीला जूनमध्ये बुरशी धरते. आधी आलेले आधी बाहेर, हा नियम सगळे तोंडाने म्हणतात आणि नवीन गोण्या जुन्यांच्या पुढ्यात रचतात. त्यावर उपाय म्हणजे गोणीवर खडूने आलेली तारीख मोठ्या आकड्यांत लिहिणे. रव्याला आणि पिठाला आधी जाळी धरते, मग तांदळाला सोंडे लागतात, आख्ख्या हरभऱ्याला भुंगेरे. कडुनिंबाचा पाला घरच्या डब्यात ठीक आहे, पाच टनांना त्याचा उपयोग नाही. धुरी द्यायची तर परवानाधारक माणसाकडूनच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आपल्या हाताने टाकू नयेत, त्यातून निघणाऱ्या वायूने माणसे मरतात. सर्वांत चांगला उपाय हा की पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त माल साठवूच नये.

बांधणीतल्या चुका नेहमीच्याच असतात. तेलाचे पाऊच तळाला गेले की वरच्या वजनाने फुटते आणि सगळी पिशवी वाया जाते. ते वेगळ्या पिशवीत, सर्वांत वर. जुलैत गूळ पाझरतो, म्हणून जाड प्लास्टिकमध्ये. वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी झालेली असावी. फुकट देतो म्हणून नऊशे ग्रॅमचा किलो चालत नाही, वस्तीतल्या बाया पिशवी हातात घेताच ओळखतात.

माल येणार कुठून? इथे ठाणे जिल्ह्याचे एक बलस्थान आहे, ज्याचा वापर होत नाही. भिवंडीच्या गोदामांत ई-कॉमर्स कंपन्यांचा खाद्यमाल मोठ्या प्रमाणावर ठेवलेला असतो. ग्राहकाच्या हाती माल पडताना त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपन्यांना सांगितले. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. पण त्यामुळे चाळीस दिवस मुदत असलेले, पूर्णपणे खाण्याजोगे तेल, पोहे, पीठ विक्रीतून बाद होते. मग ते वाटायला का येत नाही? कंपन्यांची नियत वाईट आहे म्हणून नव्हे, हिशेब उलटा आहे म्हणून. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) नुसार नष्ट केलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट परत करावी लागते, आणि भेट दिलेल्या मालावरचीही तशीच. देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) वस्तुरूपातल्या देणगीला मिळत नाही. म्हणजे जाळण्याऐवजी दिल्याने कंपनीला करात काही फायदा होत नाही. वर जाळले तर प्रमाणपत्र मिळून फाइल बंद होते. दिले तर तोच माल उद्या बाजारात विकायला आला किंवा कोणी आजारी पडले तर बोट ब्रँडकडे दाखवले जाणार. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगे अन्न नष्ट करायला बंदी घातली. आपल्याकडे तेवढ्या टोकाला जाण्याची गरज नाही. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या खाद्यमालापुरती वजावट परत न करण्याची सूट दिली तरी भिवंडीचे दरवाजे उघडतील. या मागणीसाठी जिल्ह्यातल्या खासदारांनी बोलावे.

दरवाजे उघडल्यावरही एक सापळा आहे. उरते ते बहुधा गरजेचे नसते. डाळ-तेलाच्या आधी येतात चिप्स, एनर्जी ड्रिंक, प्रोटीन बार, परदेशी चॉकलेट. ते घेतले की टनांचा आकडा फुगतो, अहवाल छान दिसतो आणि ताटात काही पडत नाही. फूड बँकेने आपल्याला काय नको याची यादी दारावर लावावी. त्यात पहिल्या क्रमांकावर तान्ह्या बाळांची दूध पावडर असावी: १९९२ च्या कायद्याने ती अशी वाटायला मनाई आहे, आणि ती अस्वच्छ पाण्यात कालवली तर बाळाच्या जिवावर बेतते.

वाशीचा एपीएमसी बाजार हा दुसरा हमखास सुचवला जाणारा स्रोत. भाजीपाला मार्केट पहाटे भरते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत ओसरते. उरलेल्या क्रेट्स मिळायच्या तर तेव्हाच. स्वयंसेवकांनी परस्पर माल उचलायला लागू नये. आधी त्या गाळ्याच्या माथाडी टोळीच्या मुकादमाशी बोलावे आणि उचलण्याची मजुरी द्यावी. १९६९ च्या माथाडी कायद्यापासूनची ही व्यवस्था आहे आणि तीत त्या लोकांचे पोट आहे. शंभर किलो टोमॅटो निवडून साठ-सत्तर किलो हाती लागले तर नशीब समजावे. मेथी-पालक घेऊच नये, गोणीच्या मध्यात ती तापलेली असते आणि दुपारपर्यंत चिखल होते. कोबी, दुधी, लाल भोपळा, कांदा-बटाटा हे टिकते. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला बटाटा मात्र बाजूला काढावा, त्यात विषारी घटक वाढलेला असतो. भाजी त्याच दिवशी वाटायची म्हणजे तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, फार तर कोपरखैरणे. तीच भाजी ठाणे-मुंब्र्यापर्यंत नेण्यात डिझेलच जास्त जळते, तिथल्या लोकांना ठाण्यातल्या जांभळी नाक्याचा बाजार जवळ आहे. आमचा अनुभवसिद्ध सल्ला असा की डाळ आणि तेल देणगीवर सोडू नये, ते धान्य मार्केटमधून गोणीने विकत घ्यावे. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भूक आणि कुपोषण निर्मूलन पहिल्याच कलमात आहे, तेव्हा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा टी-शर्ट आणि बॅनरऐवजी मसुरीच्या गोणीला मागावा.

एक आक्षेप ऐकण्यासारखा आहे: एवढा खटाटोप कशाला, सरळ पैसे द्या. अनेक ठिकाणी हे बरोबर आहे. पन्नासपेक्षा कमी कुटुंबे असतील तर गोदाम काढूच नये. वस्तीतल्या वाण्याशी बोलून ठरावीक रकमेची चिठ्ठी द्यावी, तो माल देईल, आठवड्याला हिशेब करावा. वाण्याची वहीही त्यामुळे चालू राहते. रोख रकमेची अडचण एवढीच की ती आधी भाड्याला जाते, आणि घरात दारू असेल तर तिकडे. चिठ्ठीवर डाळच येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फूड बँकेने भूक भागवली की सरकार सुटते. खरे आहे, आणि म्हणूनच पहिली सोडता अर्जाशिवाय पिशवी नको. पद्धत अशी ठेवावी: पहिली पिशवी विनाप्रश्न. आधार कार्डाची झेरॉक्स मागू नये. ज्याच्याकडे कागद नाहीत तोच सर्वांत अडलेला असतो. फोटो काढू नये. दुसऱ्या पिशवीच्या वेळी रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर (आरसी नंबर) विचारावा आणि मोबाइलवर तपासावा: कार्ड चालू आहे का, किती नावे आहेत, शेवटचे धान्य केव्हा उचलले, कोणत्या दुकानातून. दहा मिनिटांत कळते की घर कोणत्या फटीत अडकले आहे. नाव चढवायचे असेल तर माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला; अंगठा जुळत नसेल तर दुसऱ्या बोटाने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अंगठ्याने; बाहेरचे कार्ड असेल तर दुकानदाराशी सरळ बोलणे, आणि त्याने नाही म्हटले तर १९६७ या रेशनच्या मदत क्रमांकावर त्याच्यासमोर तक्रार. (जगातली पहिली फूड बँक अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात निघाली तीही १९६७ सालीच. निव्वळ योगायोग, पण क्रमांक लक्षात राहायला बरा.) एक माहिती नवख्या कार्यकर्त्यांना हमखास नसते: ठाणे-नवी मुंबईच्या शहरी भागाचे रेशन जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे नाही. ते मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांच्या ‘फ’ परिमंडळाकडे आहे. शहापूर-मुरबाडची कामे जिल्हा पुरवठा कार्यालयात होतात. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहतो.

पिशवी सहा वेळा, म्हणजे तीन महिने. तेवढ्यात रेशन सुरू झाले तर धान्याचा भाग थांबवायचा, डाळ-तेल पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवायचे. नाही झाले तर त्या घराची नोंद ‘इष्टांकाबाहेर’ या वेगळ्या यादीत. ही यादी दर तीन महिन्यांनी परिमंडळ कार्यालयाला आणि राज्य अन्न आयोगाला लेखी द्यावी, वस्तीवार आकड्यांसह. प्रत्येक वस्तीत किती घरे कायद्याच्या बाहेर राहिली आहेत हे सांगणारी अशी यादी फूड बँकेखेरीज दुसऱ्या कोणाकडे सहजासहजी तयार होणार नाही. आणि वर्षअखेरीच्या अहवालात किती लाख थाळ्या वाटल्या हा आकडा छापू नये. किती घरांची पिशवी बंद झाली आणि त्यातली किती रेशन सुरू झाल्यामुळे, हे छापावे. पिशवी घेणारी कुटुंबे दरवर्षी वाढतच असतील तर ती संस्था नीट चाललेली नाही, तिचे कितीही सत्कार झाले तरी.

महापालिकांकडून मागायचे ते थोडकेच आहे: जागा. नवी मुंबईत बांधून तशाच पडलेल्या मंडया आहेत, ठाण्यात आठवडाभर कुलूप असलेली समाजमंदिरे आहेत. पाचशे चौरस फूट, तीन वर्षांच्या करारावर, वीज-पाण्यासह. बदल्यात पालिकेच्या आरोग्य केंद्रांनी कमी वजनाचे मूल किंवा रक्तक्षयी गरोदर बाई आढळली की चिठ्ठी देऊन त्या घराला फूड बँकेकडे पाठवावे. आशाताईंना ही घरे पाठ असतात. त्यांना फेरीमागे मानधन मिळाले तर यादी आठवड्यात तयार होते. स्वयंसेवकांनी वस्तीत फिरून ‘गरजू’ शोधण्यापेक्षा हे कितीतरी अचूक, कारण स्वयंसेवकाला रस्त्यालगतची पहिली रांग दिसते आणि सर्वांत वाईट खोल्या टेकडीच्या वरच्या अंगाला असतात.

देणग्या दिवाळीत येतात आणि गरज आषाढात लागते, हा कालावधीचा घोळ कोणत्याही सदिच्छेने सुटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेला पैसा बँकेत राखून ठेवावा. मसूर आणि हरभरे मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल बाजारात आला की, व्यापाऱ्याशी दर ठरवून घ्यावेत आणि त्याच्याच गोदामात ठेवायला सांगून तीन हप्त्यांत उचलावेत. पहिला हप्ता २० मेच्या आत आपल्या कोठारात यायला हवा. जूनचा पहिला आठवडा नाक्यावर अजून बरा जातो. रांग लागते ती तिसऱ्या आठवड्यापासून.